हृदयाला दमवतं कोण?

डाव्या हाताचा तळवा वर करा. उजव्या हाताची दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, अलगद टेकवा. थोडं शोधावं लागेल. सापडली? टक्, टक्, टक्. हीच नाडी.

आता सांगा, हृदय छातीत आणि उडतंय मनगट, हे कसं काय? ‘हृदयाने ढकललेलं रक्त तिथे येऊन धडकतं’ असं म्हणणार असाल, तर जरा थांबा. आत्ता हृदयातून निघालेलं रक्त मनगटापर्यंत यायला काही सेकंद लागतील. तुमच्या बोटाला जाणवली ती लाट. हृदयाने रक्त ढकललं की रक्तवाहिनीची भिंत फुगते, आणि ते फुगणं भिंतीवरून पुढे पुढे पळत जातं. मनगटाला पोहोचायला त्याला एका सेकंदाचा दहावा भागसुद्धा पुरतो. रक्त बिचारं मागून सावकाश येतं.

ही लाट तरुण माणसाच्या महाधमनीत सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने धावते. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांच्या महाधमनीत तीच दहा मीटर किंवा त्याहून जास्त. म्हणजे आजोबा या शर्यतीत तुमच्या पुढे! पण ही शर्यत जिंकण्यात काही फायदा नाही. मऊ, लवचीक भिंतीतून लाट रमतगमत जाते. भिंत कडक झाली की सुसाट सुटते. आजोबांची लाट वेगाने पळते, कारण त्यांच्या धमन्या कडक झाल्यात. आणि त्याचा त्रास होतो तो छातीतल्या त्या मुठीएवढ्या हृदयाला.

आपण नेहमी हृदयाबद्दल बोलतो आणि रक्तवाहिन्यांना विसरतो. चित्रं हृदयाची, गाणी हृदयाची. पण हृदय दमतं तेव्हा पुष्कळदा त्याला दमवणाऱ्या या रक्तवाहिन्याच असतात.

हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी नळी म्हणजे महाधमनी. मोठ्या माणसात ती साधारण अडीच सेंटिमीटर रुंद असते. हृदय एकदा आवळलं की सुमारे ७० मिलिलिटर रक्त तिच्यात घुसतं. मग हृदय सैल पडतं आणि काहीच ढकलत नाही. तरीसुद्धा रक्त पुढे वाहतच राहतं. कसं? लग्नात सनई वाजवणाऱ्याचे गाल बघितलेत? तो नाकाने श्वास घेत असतो तेव्हाही सूर तुटत नाही, कारण फुगवलेल्या गालांतली हवा तो तेवढ्या वेळात सनईत सोडत असतो. महाधमनी अगदी हेच करते. ठोका पडला की फुगते, थोडं रक्त स्वतःत राखून ठेवते, आणि हृदय विसावा घेत असताना ते पुढे सरकवते.

हे जमतं इलॅस्टिन नावाच्या लवचीक धाग्यांमुळे. हे धागे आपलं शरीर आईच्या पोटात असताना आणि लहानपणी विणतं. नंतर जवळजवळ नाहीच. म्हणजे तुमच्याकडे आहेत तेच धागे जन्मभर पुरवायचे. हृदयाचे दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात. सत्तर वर्षांचा हिशेब करा, अडीचशे कोटींच्या वर जातो. इतक्या वेळा ताणलेला धागा कुठेतरी झिजणार, तुटणार. रक्तदाब जास्त असेल तर आणखी लवकर.

कडक झालेल्या धमनीचा आणखी एक उपद्रव आहे. नाडीची लाट पुढे जाऊन फाट्यांवर आदळते आणि तिचा काही भाग मागे, हृदयाकडे परततो. धमन्या मऊ असतील तर ही परतलेली लाट हृदय सैल पडल्यावर येते आणि त्रास देत नाही. कडक धमन्यांत ती फार लवकर येऊन ठेपते. हृदय अजून आवळतच असतं, रक्त बाहेर ढकलत असतं, आणि समोरून ही लाट हजर! मग हृदयाला तिच्या विरुद्ध जोर लावावा लागतो. प्रत्येक ठोक्याला.

हा जोर किती असतो, ते पहिल्यांदा मोजलं एका पाद्र्याने. इंग्लंडमधल्या टेडिंग्टन गावचे स्टीफन हेल्स. दिवसा चर्च, उरलेल्या वेळात प्रयोग. त्यांनी एका घोडीला आडवं बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला काचेची लांबच लांब उभी नळी जोडली. रक्त त्या नळीत चढत गेलं, चढत गेलं, आणि ८ फूट ३ इंचांवर पोहोचलं! आपल्या घराच्या छताला जेमतेम दीड-दोन फूट कमी. प्रत्येक ठोक्याला ते वर-खाली होत होतं. १७३३ साली हेल्स यांनी हे सगळं पुस्तकात छापलं. घोडीच्या बाजूने बघितलं तर प्रयोग क्रूरच होता, आज कुणी तसा करू देणार नाही. पण रक्त दाबाखाली असतं हे जगाला डोळ्यांनी दिसलं ते असं.

डॉक्टर दंडाला पट्टा बांधून ‘१२०, ८०’ म्हणतात, ते याच मापाचं सोपं रूप. १२० म्हणजे पाऱ्याचा १२० मिलिमीटर उंच स्तंभ. पाऱ्याऐवजी रक्तच नळीत चढवलं, तर ते साधारण दीड मीटर चढेल. वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा ते विसावतं तेव्हाचा.

आता एक प्रयोग. घरी दोन स्ट्रॉ मिळतात का बघा, एक जाड आणि एक बारीक. दोन्हींनी पाणी ओढा. बारीक स्ट्रॉने ओढताना गाल दुखतात ना? बारीक स्ट्रॉची रुंदी जाड स्ट्रॉच्या अर्धी असेल, तर त्रास दुप्पट होईल असं वाटतं. दुप्पट नाही, सोळापट! पॅरिसचे डॉक्टर ज्याँ पॉइझय यांनी १८४० च्या सुमारास केसासारख्या बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून हा हिशेब मांडला. रुंदी अर्धी झाली, तर तेवढंच पाणी तेवढ्याच वेळात पुढे न्यायला सोळापट दाब लागतो. रुंदी थोडीशीच घटली तरी काम भरमसाट वाढतं. हा हिशेब मला तरी सगळ्या गणितांत धडकी भरवणारा वाटतो.

आपल्या शरीरात याचा उपयोगही करून घेतलेला आहे. धमन्यांना फाटे फुटत फुटत त्या बारीक होतात, आणि सगळ्यात बारीक धमन्यांभोवती स्नायूंच्या कड्या असतात. पळताना पायांकडच्या कड्या सैल होतात, रक्त तिकडे धावतं. पोटभर जेवलात की आतड्यांकडच्या. थंडीत कातडीकडच्या कड्या आवळतात म्हणून बोटं गार पडतात. रक्तदाब वाढलेल्या माणसाच्या अंगात मात्र या बारीक धमन्या सतत आवळलेल्या राहतात, पुढे त्यांच्या भिंतीही जाड होतात. आणि पॉइझय यांचा हिशेब हृदयाला भरावा लागतो.

हृदय तक्रार करत नाही. वर्षानुवर्षं जास्त जोर लावतं. जास्त जोर लावून लावून त्याच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते. जाड झाली म्हणजे ताकद वाढली, असं वाटेल तुम्हाला. पण हृदयाचं काम फक्त आवळणं नाही. नीट सैल पडणं हेही कामच आहे, कारण तेव्हाच त्यात पुढच्या ठोक्याचं रक्त भरतं. जाड, ताठर भिंत सैल पडायला कुरकुरते. आत जागाही कमी. मग रक्त पुरेसं भरत नाही, मागे फुप्फुसांत तुंबून राहतं, आणि तिथल्या बारीक नळ्यांतून पाणी झिरपायला लागतं.

यालाच डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय बंद पडलेलं नसतं बरं का! ते चालूच असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुरवणं त्याला झेपत नाही. माणूस एक जिना चढला तरी धापा टाकतो. संध्याकाळी पाय सुजतात, मोज्याचा वळ उठतो, नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. आडवं झालं की पायांतलं पाणी छातीकडे येतं आणि दम आणखी लागतो. म्हणून डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात, ‘रात्री किती उशा घेता?’ ऐकणाऱ्याला वाटतं, आजाराचं सोडून हे उशांचं काय काढलं! पण तीन उशा घेऊन जवळजवळ बसून झोपणाऱ्या माणसाचं हृदय काय सांगतंय, ते त्यांना त्यावरून कळतं.

आता रक्तवाहिन्यांची दुसरी खोडी.

हृदयात चोवीस तास रक्त. मिनिटाला पाच लिटर, दिवसाला सात हजार लिटर त्याच्यातून जातं. पण त्या रक्तातून हृदयाचा स्नायू थेट काहीच घेऊ शकत नाही म्हटलं तरी चालेल! भिंत जाड असते, आतल्या रक्तातला ऑक्सिजन तिच्यात खोलवर पोहोचत नाही. हृदयासाठी वेगळ्या धमन्या असतात. महाधमनी सुरू होते तिथेच, अगदी मुळाशी, दोन फाटे निघतात आणि हृदयावर पसरतात. त्यांतही गंमत अशी की हृदय आवळतं तेव्हा स्वतःच्याच धमन्या चेपतं. त्यामुळे डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मिळतं ते बहुतेक दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. मिनिटाला ७० ठोके असतील तर एका ठोक्याला जेमतेम पाऊण-एक सेकंद, आणि त्यातला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ विसाव्याचा. तेवढ्यात जेवून घ्यायचं. ठोके वाढले की जेवणाची सुट्टी आणखी कमी.

या धमन्यांच्या भिंतीत चरबीचे थर बसतात. घरात मोठी माणसं ‘ब्लॉकेज’ म्हणतात ते हेच. पण ते नळीच्या आत गाळ साचावा तसं नसतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल अस्तराखाली, भिंतीच्या आत शिरतं. ते साफ करायला पांढऱ्या पेशी तिथे जातात, कोलेस्टेरॉल खाऊन फुगतात आणि तिथेच अडकून बसतात. हळूहळू गाठ वाढते. एखाद्या दिवशी गाठीवरचं पातळ आवरण फाटतं, शरीराला वाटतं जखम झाली, आणि जखम बुजवायला रक्त गोठतं. नळी बंद. हाच हार्ट अटॅक.

हा आजार आपल्या काळातल्या वेफर्सचा आणि खुर्चीत बसून राहण्याचा, असं सरसकट म्हटलं जातं. मग शास्त्रज्ञांनी ममींना सीटी स्कॅनच्या यंत्रात घातलं! प्राचीन इजिप्तमध्ये ममी करताना मेंदू आणि आतडी काढून टाकत, पण हृदय बहुधा आतच ठेवत, म्हणून ते बघता आलं. इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अलास्काजवळची अल्यूशियन बेटं, अशा चार ठिकाणच्या १३७ ममी तपासल्या. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. ४७ ममींच्या धमन्यांत या आजाराच्या खुणा होत्या. अहमोस-मेरीत-आमून नावाची राजकन्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्या हृदयाच्या तीन मुख्य धमन्यांपैकी दोन खराब झालेल्या होत्या. वेफर्सचं पाकीट तिने कधी बघितलंसुद्धा नसणार. म्हणजे हा आजार माणसाच्या जुन्या ओळखीचा आहे. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब त्याला घाई करायला लावतात, एवढंच.

अटॅकमध्ये स्नायूचा जो भाग उपाशी राहतो तो काही तासांत मरतो. गुडघा खरचटला तर नवी कातडी येते. हृदयाचं तसं नाही. तिथे वण उरतो, आणि वण आवळत नाही. हृदयाच्या नव्या पेशी किती तयार होतात, हे स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने शोधलं ते तर चकित करणारं आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत विशिष्ट प्रकारचा कार्बन वाढला होता. तो झाडांत गेला, अन्नातून माणसांत गेला. पेशीतला तो कार्बन मोजून त्यांनी पेशी कधी जन्मली ते ठरवलं! उत्तर असं आलं की पंचविशीत वर्षाला शंभरातली एक पेशी बदलते, पुढे त्याहूनही कमी. मेलेला मोठा भाग भरून काढायला हे कुठे पुरणार? उरलेला स्नायू सगळ्यांचं काम ओढतो, ताणला जातो, आणि हृदय मोठं, ढिलं होत जातं. हार्ट फेल्युअरचा हा दुसरा रस्ता.

पण डॉक्टरांना एक कोडं बरीच वर्षं छळत होतं. काही रुग्णांच्या मोठ्या धमन्या स्वच्छ असतात. हृदय छान आवळतं. तरी दम लागतो, पाय सुजतात. हार्ट फेल्युअरचे जवळजवळ निम्मे रुग्ण असे ‘छान आवळणाऱ्या’ हृदयाचे असतात. यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत आता संशय आहे तो नजरेलाही न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर, आणि त्यांच्या आतल्या अस्तरावर.

हे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं. बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं, ते नुसतंच अस्तर आहे. १९७८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर औषधं टाकून बघत होते. अॅसिटिलकोलिन जातीच्या औषधाने तुकडा आवळतो, असा त्यांचा पक्का अनुभव. एक दिवस मदतनिसाने सांगितलेला क्रम चुकवला, आणि तुकडा चक्क सैल पडला! दुसरा कुणी असता तर मदतनिसावर ओरडला असता. फर्चगॉट मात्र शोधत बसले. तेव्हा लक्षात आलं की आधी तुकडे कापताना अस्तर घासून निघून जात होतं. अस्तर शाबूत असेल तर धमनी सैल पडते. मग त्यांनी अस्तर नसलेला तुकडा अस्तर असलेल्या तुकड्याला चिकटवून ठेवला. अस्तर नसलेलाही सैल पडला. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपून स्नायूला सांगत होतं, ‘सैल हो.’

ते ‘काहीतरी’ निघालं नायट्रिक ऑक्साइड. वायू! गाड्यांच्या धुरात असतो तोच. काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात काम करून जातो. या शोधासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आणि इथे गोष्टीत खुद्द आल्फ्रेड नोबेल येतात. त्यांचा डायनामाइट बनायचा नायट्रोग्लिसरीनपासून. म्हातारपणी त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी औषध दिलं ते नायट्रोग्लिसरीनच! १८९६ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, एका मित्राला पत्र लिहून त्यांनी यावर आश्चर्य व्यक्त केलं होतं. ते औषध का चालतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. शरीरात गेल्यावर ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं. या कोड्याचं उत्तर मिळालं, आणि त्यांच्याच नावाचं बक्षीस घेऊन गेलं.

मधुमेह, उच्च रक्तदाब, सिगारेट यांनी अस्तर दुखावतं, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. मग हृदयातल्या बारीक वाहिन्या गरजेच्या वेळी सैल होत नाहीत, आणि स्नायूही ताठर व्हायला लागतो, असं आज बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं.

एवढं कमी होतं म्हणून मूत्रपिंडं गोंधळ घालतात. दमलेलं हृदय त्यांच्याकडे कमी रक्त पाठवतं. त्यांना वाटतं, अंगातलं पाणी संपत आलंय, कुठे जखमबिखम झाली वाटतं! ती रेनिन नावाचं रसायन सोडतात, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं. त्याचा हुकूम दुहेरी असतो. बारीक धमन्या आवळा, आणि मीठ-पाणी राखून ठेवा. खरंच रक्तस्राव झाला असता तर या हुकुमाने जीव वाचला असता. पण इथे दमलेल्या हृदयापुढे आणखी अरुंद नळ्या आणि ढकलायला आणखी पाणी. ते आणखी दमतं, मूत्रपिंडं आणखी घाबरतात.

या चक्रात पाचर मारली ती एका सापाने. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब धाडकन कोसळतो. सर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात त्या विषातला एक पदार्थ वेगळा काढला आणि तो घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. अँजिओटेन्सिन तयार करणारं जे विकर (एन्झाइम) असतं, त्यालाच विषातला हा पदार्थ रोखून धरतो, असं तिथे दिसलं. विष काही कुणाला रोज पाजता येत नाही. म्हणून त्याचा नमुना समोर ठेवून अमेरिकेत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओन्देत्ती यांनी गोळी घडवली, कॅप्टोप्रिल. १९८१ साली तिला परवानगी मिळाली. पुढे तिच्याच कुळातली एनालाप्रिल फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या २५३ अतिशय आजारी रुग्णांवर तपासली गेली. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. सहा महिन्यांत औषध नसलेल्यांपैकी शंभरातले ४४ दगावले, औषधवाल्यांपैकी २६. फरक इतका ठळक होता की अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला. १९८७ ची ही गोष्ट.

बघा हं, या गोळीने हृदयाला जास्त जोर लावायला सांगितलं नव्हतं. तिने प्रामुख्याने नळ्या सैल केल्या, आणि हृदयावरचा भार उतरला.

घरात आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात एखाद्या पाकिटावर शेवटी ‘प्रिल’ असलेलं नाव आहे का, त्यांनाच विचारून वाचा. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल. ही सगळी त्या सापाची नातवंडं. काहींना या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, कारण ज्या विकराला त्या अडवतात, त्याचं फुप्फुसांत दुसरंही एक काम असतं. मग डॉक्टर बदलून ‘सार्टन’ शेपटाची गोळी देतात, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन. त्या अँजिओटेन्सिन तयार होऊ देतात, पण नळीच्या स्नायूवर ते जिथे येऊन चिकटतं ती जागाच अडवून बसतात. खोकला सहसा येत नाही.